डिसेंबरातला समुद्र

“मे महिन्यात नको,” मी म्हटलं. “मेमध्ये तिकडं समुद्र खवळलेला असतो. किनाऱ्यावर लाल निशाण लावतात, पाण्यात पायसुद्धा बुडवू देत नाहीत.”

समोरच्या लोखंडी खुर्च्यांवर मगदूम गुरुजी आणि त्यांच्या पत्नी पद्माक्का बसले होते. गुरुजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. वर्गातली एखादी मुलगी न अडखळता धडा वाचायला लागली की मास्तर ज्या नजरेनं बघतात, तसे ते माझ्याकडं बघत होते. पद्माक्कांचं टेबलावरच्या कागदाकडं लक्षच नव्हतं. त्या माझं तोंड न्याहाळत होत्या.

“आमची अक्षय्य तृतीया मेमध्येच येतीया,” त्या म्हणाल्या. “तिला डिसेंबरात कशी आणायची?”

जयसिंगपुरात एस.टी. स्टँडच्या मागं, एका झेरॉक्सच्या दुकानावर माझं एका खोलीचं ऑफिस होतं. बाहेर ‘वैजयंती टूर्स’ असा बोर्ड. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. पुण्याच्या एका प्रवासी कंपनीत चार वर्षं नोकरी करून गावी परत आले होते आणि स्वतःचं काहीतरी करायचं म्हणून हा उद्योग मांडला होता. तोवर श्रवणबेळगोळ आणि मूडबिद्री या जैन तीर्थांच्या दोन सहली काढून झाल्या होत्या. त्या दोन्हींना गुरुजी आणि आक्का आले होते. आता मला परदेशातला पहिला दौरा काढायचा होता आणि मी श्रीलंका निवडली होती.

श्रीलंकेचं नाव मी काढलं आणि दुसऱ्याच दिवशी ही दोघं उदगावहून आली. गुरुजी प्राथमिक शाळेत चौतीस वर्षं मास्तर होते. चौथीच्या मुलांना भारताचा नकाशा काढायला शिकवताना खाली उजव्या बाजूला तो थेंब काढायला ते कधी विसरले नाहीत. “पोरं विचारायची, गुरुजी, तुम्ही गेलाय काय तिथं?” ते म्हणाले. “मी म्हणायचो, जाणार आहे. तेव्हा ती पोरं दहा वर्षांची होती. आता त्यांचीच पोरं लग्नाला आलीत.”

त्यांचं लग्न पंचावन्न सालच्या अक्षय्य तृतीयेला झालं होतं. येत्या मेमध्ये पन्नास वर्षं पुरी होणार होती. तो दिवस श्रीलंकेत समुद्राच्या काठी काढायचा, असं दोघांनी ठरवलं होतं. मूलबाळ नव्हतं. कुणाला विचारायचं नव्हतं की कुणासाठी थांबायचं नव्हतं.

मी त्यांच्यापुढं माझा तक्ता सरकवला. वर बारा महिने, डाव्या बाजूला गावं. चांगल्या महिन्यांना हिरवा रंग, बऱ्याला पिवळा, वाईटाला लाल. स्केचपेननं दोन दिवस बसून मी तो केला होता. गॉलच्या ओळीत मे महिना लालभडक होता आणि डिसेंबर हिरवागार.

“डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे तिथला सगळ्यात उत्तम काळ,” मी म्हटलं. “पाऊस नाही, उकाडा नाही, समुद्र परातीतल्या पाण्यासारखा. लग्नाचा वाढदिवस मेमध्ये इथं करू, मी स्वतः येते. पण एवढं लांब जायचं आणि खोलीत बसून पाऊस बघायचा, याला काय अर्थ आहे?”

गुरुजींनी तक्ता हातात घेतला. बराच वेळ बघितला. एकदा तो उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली.

“हा तू केलास?”

“हो.”

“अक्षर चांगलं आहे,” ते म्हणाले. “विचार करून सांगतो.”

आठ दिवसांनी ते एकटेच आले. जिना चढून आल्यामुळं दम लागला होता. गुडघा धरून खुर्चीत बसले. “डिसेंबर नक्की कर,” म्हणाले.

“आक्का तयार आहेत?”

“तिला मी समजावतो. किती माणसं झाली तुझी?”

“सांगलीचे डॉक्टर इनामदार, त्यांची बायको आणि दोन मुलं. तुम्ही धरून सहा.”

“झालं तर मग,” गुरुजी म्हणाले, आणि टोपी घालून उठले.

मला इतका आनंद झाला की मी खाली जाऊन झेरॉक्सवाल्याला चहा सांगितला.

*

मी सांगितलं होतं अगदी तसंच सगळं घडत गेलं. कोलंबोला ऊन कोवळं होतं. कँडीत तळ्याकाठी गुरुजी तासभर बसून राहिले. नुवारा एलियाच्या चहाच्या मळ्यांत पद्माक्कांनी शाल अंगाभोवती घेतली आणि म्हणाल्या, “महाबळेश्वरला जाऊन आल्यासारखं झालं.” आमच्या गाडीचा चालक सिंहली होता आणि त्याचं नाव सुनील होतं. आक्कांना त्याची फार गंमत वाटली. त्या त्याच्याशी सरळ मराठीत बोलायच्या, तो त्याच्या मोडक्या हिंदीत उत्तर द्यायचा, आणि दोघांचं बरं चाललं होतं.

पंचवीस तारखेला दुपारी आम्ही दक्षिणेला उनावटुना नावाच्या गावी उतरलो. गॉल शहराजवळचं छोटं गाव. अर्धचंद्रासारखा किनारा, एका टोकाला टेकडी आणि टेकडीवर पांढराशुभ्र स्तूप. आमचं हॉटेल वाळूला लागूनच होतं, तीन मजल्यांचं. सुनीलनं सांगितलं की उद्या पौर्णिमा आहे, इथं तिला पोया म्हणतात. पोयाला देशभर सुट्टी असते, मांस आणि दारू विकत नाहीत, लोक पांढरे कपडे घालून देवळात जातात.

“म्हंजे उद्या हितं सगळी आपल्यासारखीच,” पद्माक्का म्हणाल्या. त्यांनी लगेच ठरवलं की सकाळी जप झाला की पांढरी साडी नेसून टेकडीवरचं देऊळ बघायला जायचं.

सकाळी इनामदार मंडळी सुनीलचा एक भाऊबंद घेऊन गॉलचा किल्ला बघायला गेली. आक्का खोलीत जपाला बसल्या. मी आणि गुरुजी वाळूत फिरायला उतरलो. नऊ वाजून गेले होते. समुद्र खरोखरच परातीतल्या पाण्यासारखा होता. गुरुजींनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि चपला हातात घेतल्या होत्या. ते घोट्याएवढ्या पाण्यातून काठाकाठानं चालत होते.

“तुझा तक्ता बरोबर निघाला,” ते म्हणाले.

मी हसले. आयुष्यात इतकं समाधान मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

आणि मग पाणी वाढलं. लाट आली नाही. बादली भरत यावी तसं नुसतं वर येत गेलं. गुरुजींच्या घोट्यावरून पोटरीवर, पोटरीवरून गुडघ्यावर. आम्ही मागं सरलो तर आमच्याबरोबर तेही मागं आलं. हॉटेलच्या हिरवळीवर लाकडी खुर्च्या होत्या, त्या तरंगायला लागल्या. वेटर पोरं हसत हसत त्या धरायला धावली. एक गोरी बाई टेबलावर चढून उभी राहिली आणि तिच्या नवऱ्यानं तिचा फोटो काढला. मग जसं आलं तसं ते पाणी उतरायला लागलं, आणि उतरतच गेलं.

मी असं कधी बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं. समुद्र खाडीच्या तोंडापर्यंत मागं गेला आणि तळ उघडा पडला. काळे खडक, हिरवं शेवाळ, मध्येच पांढऱ्या वाळूचे पट्टे, आणि त्यांवर तडफडणारे मासे. कुठूनतरी गावातली माणसं टोपल्या घेऊन आली आणि मासे वेचायला लागली. आवाज असा काहीच नव्हता. रोजची लाटांची गाज थांबली होती आणि ती थांबल्यावरच ती इतका वेळ चालू होती हे कळत होतं.

“हे काय आहे?” गुरुजींनी विचारलं.

“ओहोटी,” मी म्हटलं. “आज पौर्णिमा ना. पौर्णिमेला ओहोटी मोठी असते.”

“एवढी?”

“इथं असेल.” मी अशा आवाजात बोलले की जणू मला ते माहीत होतं.

गुरुजींनी चपला वाळूवर ठेवल्या. “समुद्राचा तळ,” ते म्हणाले. “पुस्तकात शिकवला. येतो जरा बघून.” ती गोरी जोडी आत निघाली होती, तिच्या मागोमाग तेही खडकांतून चालू लागले. मी दहा-बारा पावलं त्यांच्याबरोबर गेले. माझ्या पायात सपाता होत्या, त्या शेवाळावर सरकत होत्या, म्हणून मी थांबले. ते पुढं जात राहिले. मध्येच वाकून त्यांनी काहीतरी उचललं, डोळ्यांजवळ धरलं आणि खिशात टाकलं.

मागून कुणीतरी ओरडत होतं. मी वळले. रस्त्याच्या बाजूनं सुनील धावत येत होता. तो काय म्हणतोय ते कळत नव्हतं, पण तो दोन्ही हातांनी वर दाखवत होता. हॉटेलच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर पद्माक्का उभ्या होत्या. पांढरी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, कपाळाला हात लावून त्या उघड्या पडलेल्या समुद्राकडं बघत होत्या.

मी पुन्हा पुढं बघितलं. खाडीच्या तोंडाशी, पाणी आणि आभाळ मिळतं तिथं, एक पांढुरकी रेघ होती. खडूनं ओढल्यासारखी. ती मघाशी नव्हती.

“गुरुजी,” मी हाक मारली. “गुरुजी, परत या.”

त्यांनी वळून बघितलं. आधी माझ्याकडं, मग माझ्या खांद्यावरून पलीकडं आक्कांकडं. हात वर करून त्यांनी जिन्याकडं दाखवलं. तिला घे, असं ते म्हणाले की येतो असं म्हणाले, हे मला आजही सांगता येत नाही. ओठ हलले एवढं दिसलं. ते यायलाही निघाले. पण गुडघा दुखत होता आणि खडक ओले होते, म्हणून ते जपून एकेक पाऊल टाकत होते, एखाद्या रहदारीच्या रस्त्यावरून पलीकडं जाताना टाकायचे तसे.

ते साधारण शंभर पावलांवर होते. आक्का तीस पावलांवर होत्या. मी आक्कांकडं धावले.

त्यांचा दंड धरून मी ओढलं. “ते?” त्या म्हणाल्या. “येतायत,” मी म्हटलं. पहिला मजला, दुसरा मजला. आक्का साडीत अडखळत होत्या, सुनीलनं त्यांना मागून उचलल्यासारखं केलं. तेव्हा तो आवाज आला. सगळे म्हणतात आगगाडीसारखा. मला तो खडीचा ट्रक रिकामा करताना होतो तसा वाटला, फक्त तो थांबत नव्हता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावरच्या खिडकीतून मी खाली बघितलं. हिरवळ नव्हती. खुर्च्या नव्हत्या. काळं पाणी जिन्यातून आमच्या मागोमाग चढत होतं आणि त्यात एक फ्रीज उभाच्या उभा फिरत होता.

आम्ही गच्चीवर पोचलो. गच्चीवरून किनारा दिसायला हवा होता. किनारा नव्हताच. आम्ही उभे होतो तिथून टेकडीपर्यंत सगळं पाणीच होतं, आणि त्या पाण्यातून छपरं चालली होती.

पद्माक्का कठड्याला धरून उभ्या होत्या. पुष्कळ वेळानं त्यांनी विचारलं, “त्यांनी चहा घेतला हुता न्हवं?”

“घेतला होता.”

“बिस्किटं?”

“दोन.”

“बरं,” त्या म्हणाल्या.

*

पाणी ओसरल्यावर सुनील आम्हाला टेकडीवरच्या देवळात घेऊन गेला. पोयामुळं तिथं आधीच गावातले पुष्कळ लोक जमलेले होते आणि त्यामुळंच ते जगले होते. एका बाईनं आक्कांना शहाळं फोडून दिलं. कुणीतरी मला कोरडी चादर दिली. माझ्या पायातून रक्त येत होतं ते मला दुपारी कळलं. देवळातल्या रेडिओवर एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता. त्सुनामी. मी तो त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं ते एखाद्या गावाचं नाव असावं.

इनामदार मंडळी गॉलच्या किल्ल्यात होती. जुन्या तटबंदीनं त्यांना वाचवलं. संध्याकाळी ते चालत आम्हाला शोधत आले. डॉक्टरांनी माझा पाय बांधला.

दोन दिवस मी आणि सुनील गुरुजींना शोधत फिरलो. त्याबद्दल फार सांगता येणार नाही. एका पडक्या भिंतीवर मासा होता, नारळाच्या झाडावर गादी होती. माणसं एकमेकांना फोटो दाखवत फिरत होती. माझ्याकडं गुरुजींचा पासपोर्टचा फोटो होता. मी तो लोकांना दाखवायचे आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आता कुणीतरी म्हणेल, हो, हे मघाशी इथंच बसले होते.

तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात ते सापडले. आक्का नको म्हटलं तरी आल्या होत्या. रांगेतून चालताना त्या एका ठिकाणी थांबल्या आणि खाली बसल्या. मी चेहरा बघितला तर मला ओळखू आला नाही. आक्कांनी पाय बघितला होता. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख लहानपणीच गेलेलं होतं.

अग्नी तिथंच द्यावा लागला. लाकडं सुनीलनं आणि गावातल्या चार माणसांनी पडलेल्या घरांच्या वाशांतून गोळा केली. देवळातले दोन भिक्खू आले आणि त्यांनी त्यांचं काही म्हटलं. आक्कांनी णमोकार मंत्र म्हटला. आवाज जरासुद्धा हलला नाही. मी शेजारी उभी होते आणि माझ्या डोक्यात एकच चालू होतं. तक्त्यातल्या डिसेंबरच्या चौकोनात मी हिरवा रंग भरताना तो रेघेबाहेर गेला होता, म्हणून मी तो खोडरबरानं पुसायचा प्रयत्न केला होता आणि स्केचपेन पुसलं जात नाही हे मला तेव्हा आठवलं होतं.

*

गावी परत आल्यावर मला कुणी बोल लावला नाही. उलट सगळे माझ्या पाठीवर हात फिरवायचे. निसर्गापुढं कुणाचं काय चालतं, म्हणायचे. तू होतीस म्हणून आक्का तरी वाचल्या, म्हणायचे. फेब्रुवारीत एका महिला मंडळानं माझा सत्कार ठेवला. मी जाणार नव्हते. आईनं नेलं. व्यासपीठावर त्यांनी मला शाल आणि नारळ दिला, अध्यक्षीणबाई माझ्या प्रसंगावधानाबद्दल बोलल्या, आणि खाली बायकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत पद्माक्का बसल्या होत्या. त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. ऑफिसात पहिल्या दिवशी माझं तोंड न्याहाळत होत्या, तशाच बघत होत्या.

ऑफिसचा बोर्ड मी मार्चमध्ये उतरवला. पुढं एका महाविद्यालयाच्या कचेरीत मला नोकरी लागली. तिथं मी अजूनही आहे. उदगाव जयसिंगपूरपासून हाकेच्या अंतरावर, पण वर्षभर मी त्या रस्त्यानं गेले नाही. आक्का बाजारात दिसल्या की मी गल्लीत वळायचे.

शेवटी सव्वा वर्षानं, एका दुपारी, मी त्यांच्या घरी गेले. आक्का सोप्यात बसून चिंचा फोडत होत्या. पुढं पाटा, हातात बत्ता, एका बाजूला चिंचोक्यांचा ढीग. त्यांनी मला बघितलं आणि पायानंच एक पाट माझ्याकडं सरकवला. मी बसले. चारदोन इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मला आणखी थांबता येईना.

“आक्का, मला तुम्हाला एक सांगायचंय,” मी म्हटलं. “माझ्याकडं दोन तक्ते होते.”

त्यांनी एक चिंच फोडली आणि गर वेगळा केला.

“मी तुम्हाला दाखवला तो दक्षिण किनाऱ्याचा. दुसरा पूर्व किनाऱ्याचा. तिथं सगळं उलटं असतं. मेमध्ये दक्षिणेला समुद्र खवळतो, तेव्हा पूर्वेला तो शांत असतो. तुमच्या अक्षय्य तृतीयेला तिकडं काठावर बसून दिवस काढता आला असता. मला ते माहीत होतं. पुण्याला मी तेच काम करत होते. तो तक्ता तेव्हा टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता.”

आक्कांनी एक चिंचोका ढिगावर टाकला.

“इनामदारांच्या मुलांना नाताळचीच सुट्टी होती. सहा माणसं झाल्याशिवाय माझा दौरा निघत नव्हता. तुम्ही मेमध्ये गेला असता तर माझा पहिला दौरा बुडाला असता. म्हणून मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. मी खोटं नाही बोलले. पण मी अर्धंच सांगितलं.”

हे वाक्य मी सव्वा वर्ष मनातल्या मनात इतक्या वेळा म्हटलं होतं की ते बाहेर पडल्यावर मला दुसऱ्याच कुणाचं वाटलं. मी वाट बघत राहिले. आता त्या उठतील, बत्ता टाकतील, मला घराबाहेर काढतील. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

“ठाव हाय,” पद्माक्का म्हणाल्या.

मला कळलं नाही. “काय?”

“पूर्वेचं. ठाव हाय मला.” त्यांनी दुसरी चिंच घेतली. “आम्ही तुझ्याकडनं घरला आलो आणि त्यांनी लगेच पुस्तकं काढली. नकाशाचं मोठं पुस्तक हाय बघ त्यांचं. भिंगानं बघत बसले. दुसऱ्या दिवशी सांगलीला जाऊन लायब्ररीत आणि काय काय वाचून आले. मला म्हणाले, मेमध्ये त्या अंगाला पाऊस असतोय, ह्या अंगाला नसतोय. आपल्याला जाता येतंय.”

“मग?”

“मग मी म्हटलं, जाऊन सांगा की पोरीला. चुकलीया म्हणावं. तर म्हणाले, चुकली नाही. एवढा नेटका तक्ता करणारीला हे ठाऊक नसणार व्हय? तिला माणसं जमत नसतील. पहिलाच दौरा हाय तिचा.” आक्कांनी बत्ता खाली ठेवला. “मी भांडले त्यांच्याशी. दोन दिवस बोलले न्हाई. आठव्या दिवशी म्हणाले, पद्मा, आपली पन्नास वर्षं कुठं पळून जात नाहीत, पण त्या पोरीचा बोर्ड उतरला तर परत लागायचा न्हाई. आणि गेले तुझ्याकडं सांगायला. गुडघा दुखत हुता तरी गेले.”

मी जमिनीकडं बघत होते. सोप्यातल्या फरशीवर चिंचेचा गर पडून वाळला होता. मला तो नखानं खरवडावासा वाटत होता. मघापर्यंत मला वाटत होतं की माझ्याजवळ एक गोष्ट आहे आणि ती मी या घरात आणून ठेवली की संपेल. ती या घरात आधीपासूनच होती. मी बोर्ड उतरवला तेव्हाही होती. मी व्यासपीठावर शाल घेतली तेव्हाही होती.

“तुम्ही मला तेव्हाच का नाही म्हणालात?” मी विचारलं. “त्या सत्काराच्या दिवशी. किंवा तिथंच, देवळात.”

“तू येतीस का ते बघत हुते.”

“आणि आले नसते तर?”

“आलीस की आता.” पद्माक्कांनी हात झटकले आणि त्या दुपारी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. “ते गेले ते त्यांच्या मनानं गेले. तुझ्यासाठी गेले हे बी खरंच हाय. माफ केलं म्हण, असं तू सांगशील, तर मला ते म्हणता येत न्हाई. प्रयत्न केला, येत न्हाई. पण तू येत जा.”

मी मान हलवली.

बाहेर उन्हं उतरायला लागली होती. आक्का कमरेवर हात ठेवून उठल्या आणि आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. त्यांनी आतूनच सांगितलं की दिवस मावळायच्या आत त्या जेवतात, एकटीपुरतं आता करवत नाही म्हणून सकाळचीच भाकरी आहे, आणि मी हात धुवून यावं.

मी मोरीत जाऊन हात धुतले. आत एकच ताट वाढलेलं होतं आणि दुसरं त्या फळीवरून काढत होत्या. ते बऱ्याच दिवसांत वापरलेलं नव्हतं. त्यांनी ते पदरानं पुसलं, माझ्यापुढं ठेवलं आणि अर्धी भाकरी वाढली. मग थोडं थांबून उरलेली अर्धीही वाढली.

“जेव,” त्या म्हणाल्या.

मी जेवायला लागले.